उष्णतेचा हिशेब

डिझेल हे माणसाचे नाव आहे, हे मला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी कळले. तोपर्यंत ते पंपावर मिळणारे एक तेल होते, रॉकेलपेक्षा जरा जड आणि पेट्रोलपेक्षा स्वस्त. त्याच्या वासाने मला बस लागायची, एवढाच आमचा संबंध. हे नाव एका बुकबांधणी करणाऱ्याच्या मुलाचे होते आणि तो मुलगा पंचावन्नाव्या वर्षी कर्जात बुडून समुद्रात नाहीसा झाला, हे कळायला एक तापणारा ट्रक निमित्त झाला.

साल १९८७. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या एका तालुक्याच्या गावी मी बँकेत अधिकारी होतो. माझ्याकडे अग्रक्रम क्षेत्राच्या कर्जांचे टेबल होते. विहिरी, म्हशी, शिलाई मशीन आणि छोट्या वाहतूकदारांचे ट्रक असा तो पसारा. ट्रकच्या फायलींत एक फाईल सर्वांत जाड होती. कर्जदार पन्नाशीचे, धोतर-टोपीतले गृहस्थ. त्यांचे नाव इथे सांगायचे कारण नाही, गाव त्यांना अण्णा म्हणत असे, मीही तेच म्हणायचो. त्यांनी दहा वर्षे चाललेला एक जुना ट्रक घेतला होता. पहिले सहा हप्ते चोख आले, मग तारखा घसरू लागल्या, मग हप्ते थांबले. आमच्या प्रत्येक नोटिशीला अण्णांचे एकच उत्तर यायचे आणि त्याला गॅरेजच्या बिलाची एक प्रत टाचलेली असायची. गाडी गरम होते, हे ते उत्तर.

ही बिले मी एका रात्री सलग वाचली. एखाद्या जुनाट आजाराचे केसपेपर वाचावेत तशी ती वाटली. आधी रेडिएटर सोडवून त्याच्या नळ्यांत सळई मारून घेतलेली. मग फॅनबेल्ट नवा. मग वॉटर पंपाचा किट. मग थर्मोस्टॅट काढून फेकला, तोच पाणी अडवतो या समजुतीने. मग होजपाइप. मग हेड गॅस्केट, आणि चार महिन्यांनी पुन्हा हेड गॅस्केट. प्रत्येक बिलाच्या तळाशी मजुरी होती, आणि पुढच्या बिलाची तारीख पाहिली की त्या मजुरीचे काय झाले ते कळायचे. विभागीय कार्यालयाचा आग्रह होता की गाडी ताब्यात घ्यावी. जप्तीच्या पत्राचा मसुदा मी तयारही केला होता. तो टाइप व्हायला देण्यापूर्वी गाडी एकदा डोळ्यांनी पाहावी, म्हणून मी तपासणीला गेलो.

गाडी घाटाच्या पायथ्याला एका मिस्त्रींकडे उभी होती. त्यांना सगळे चाचा म्हणत. वय सत्तरीकडे झुकलेले, शाळा चौथीपर्यंतची. चाचांनी गाडीला हात लावण्याआधी अण्णांना प्रश्न विचारायला सुरुवात केली, तेव्हा मी वहीत टिपणे घेऊ लागलो, कारण कर्ज मंजूर करताना मी असे प्रश्न कधी विचारले नव्हते. गाडी कुठे तापते? वाशीला कांदा घेऊन उतरताना की परतीचा माल घेऊन कसारा घाट चढताना? चढतानाच. इंजिन सुरू केल्यापासून किती वेळाने? उभी करून इंजिन चालू ठेवले तर काटा खाली येतो का? पाणी किती कमी होते? आणि सर्वांत महत्त्वाचे, ते जाते कुठे, खाली जमिनीवर ओल दिसते का? अण्णा म्हणाले की पाणी रोज बादलीभर लागते, पण खाली थेंब दिसत नाही. चाचांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे या म्हणून सांगितले, कारण इंजिन थंड हवे होते.

पहाटे त्यांनी फॅनबेल्ट काढला, म्हणजे पंप फिरून पाणी ढवळणार नाही. रेडिएटरचे झाकण काढून काठोकाठ पाणी भरले आणि इंजिन सुरू केले. पाणी अजून कोमटही झाले नव्हते, तेव्हाच तोंडाशी बुडबुडे यायला लागले. ॲक्सिलरेटर दाबला की बुडबुडे वाढत. चाचांनी लगेच इंजिन बंद केले. उकळी नसताना बुडबुडे येतात म्हणजे ती वाफ नव्हे. सिलिंडरात जळणारा वायू कुठून तरी पाण्याच्या वाटेत घुसतो आहे, तो पाणी बाहेर ढकलतो आणि हेडपाशी पोकळी करून बसतो. पाणी नाही तिथे लोखंड तापणारच. मोकळ्या गाडीला हे फारसे जाणवत नाही, भरल्या गाडीने घाट चढताना सिलिंडरातला दाब वाढतो आणि गळतीही वाढते.

हेड उतरवले. चाचांनी त्यावर पोलादी पट्टी आडवी ठेवली आणि पट्टीखालून फिलर गेजचे पान सरकवून दाखवले. हेड मधोमध वाकले होते. कधीतरी पूर्वी गाडी खूप तापली असणार, त्या तापाने हेड वाकले, वाकल्यामुळे गॅस्केट धरेना, गॅस्केट धरेना म्हणून गाडी पुन्हा तापली. दोन वेळा नवी गॅस्केटे बसली ती त्याच वाकड्या हेडवर. शिवाय आतल्या पाण्याच्या वाटा रस्त्याकाठच्या विहिरींच्या जड पाण्याने चुनखडी धरून बसल्या होत्या, स्क्रूड्रायव्हरने खरवडली तर पापुद्रे निघाले. आणि फेकलेला थर्मोस्टॅट परत बसवा, असे चाचांनी बजावले. त्या इंजिनात थर्मोस्टॅट नसला की बाजूची वाट कायम उघडी राहते आणि काही पाणी रेडिएटरकडे न जाता गरम ते गरमच फिरत राहते.

हा सगळा प्रकार मला फार ओळखीचा वाटला. व्याज भागवायला कर्ज, त्या कर्जाचे व्याज भागवायला आणखी कर्ज, आणि प्रत्येक वेळी वरवरचे गॅस्केट बदलून खाते नियमित झाल्याचा शेरा. अशा फायली माझ्या कपाटात डझनभर होत्या. मी जप्तीचा मसुदा फाडला आणि हेड फेसिंगसाठी साडेचार हजार रुपयांच्या जादा कर्जाची शिफारस लिहायला बसलो. शिफारशीत तांत्रिक कारण नीट मांडावे, म्हणून नाशिकला गेलो असताना सार्वजनिक वाचनालयात शिरलो आणि इंजिनावरचे पुस्तक मागितले. त्या पुस्तकाच्या तिसऱ्या पानावर चष्मा लावलेल्या, भरघोस मिशांच्या एका देखण्या माणसाचे चित्र होते. त्याखाली लिहिले होते, रुडॉल्फ डिझेल, १८५८ ते १९१३.

तेव्हापासून हा माणूस माझ्या मागे लागला आहे. बँकेतून २००१ साली स्वेच्छानिवृत्ती घेतली, कादंबऱ्या लिहिल्या, पण त्याच्यावर कादंबरी काही जमली नाही. त्याच्या आयुष्यात जे घडले त्यात माझ्याकडून भर घालायला जागाच उरत नाही.

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील जर्मन, बव्हेरियातून पोटासाठी आलेले. वडील आधी बुकबांधणी करीत, मग चामड्याच्या वस्तू बनवू लागले. घरात बेताचेच. तयार माल गिऱ्हाइकांकडे पोचवण्याचे काम या पोराकडे असे. घराजवळच कला आणि तंत्रांचे मोठे संग्रहालय होते, तिथे क्युन्योचा अठराव्या शतकातला वाफेवर चालणारा गाडा ठेवलेला होता. मुलगा तासन्‌तास तिथे यंत्रांची चित्रे काढीत बसे. १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले आणि जर्मनांना पॅरिस सोडावे लागले. कुटुंब लंडनला गेले. तिथे सगळ्यांचे भागेना, म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला एकट्याला आउग्सबुर्गला नातलगांकडे पाठवले. तिथले काका गणिताचे शिक्षक होते. ज्या देशात जन्मला तिथे जर्मन म्हणून परका आणि ज्या देशात गेला तिथे पॅरिसचा म्हणून वेगळा, असा हा पोर होता. चौदाव्या वर्षी त्याने इंजिनिअर व्हायचे ठरवून आईवडिलांना कळवून टाकले. वडिलांचा आग्रह लवकर कमावते होण्याचा होता. त्याने शिष्यवृत्ती मिळवून म्युनिकच्या पॉलिटेक्निकची वाट धरली.

म्युनिकला त्याचे गुरू होते कार्ल लिंडे. कृत्रिम थंडी निर्माण करणाऱ्या यंत्रांचे ते जनक. १८७८ साली लिंडे वर्गात वाफेच्या इंजिनाविषयी शिकवीत होते. चांगल्यातले चांगले वाफेचे इंजिनसुद्धा कोळशातल्या उष्णतेपैकी शेकडा सहा ते दहा भागच कामाला लावते, बाकी सगळी वाया जाते, हे त्यांनी सांगितले. मग सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ साली मांडलेल्या आदर्श इंजिनाची कल्पना समजावली, ज्यात उष्णतेचा कमाल भाग कामात उतरतो. वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने वहीच्या समासात नोंद केली की हे प्रत्यक्षात आणता येईल का, ते पाहावे. एका समासातल्या नोंदीने पुढची पस्तीस वर्षे खाल्ली.

मी बँकेचा माणूस असल्यामुळे मला हा प्रश्न असा दिसतो. शंभर रुपये भांडवल घातले आणि नव्वद रुपये धुरात गेले तर त्या धंद्याला कोणी कर्ज देणार नाही. पण एकोणिसावे शतक त्याच धंद्यावर उभे होते, कारण दुसरा धंदा माहीत नव्हता. शिवाय वाफेचे इंजिन मोठेच असावे लागे. बॉयलर, चिमणी, कोळशाचा ढीग हे मोठ्या कारखानदारालाच परवडे. लहान कारागीर त्यापुढे टिकेना. आपले इंजिन या लहान माणसासाठी आहे, असे डिझेल मानत असे. विणकर, सुतार, छापखानावाला यांना स्वतःची शक्ती मिळावी, ही त्याची इच्छा होती.

अंतिम परीक्षेच्या वेळी १८७९ मध्ये विषमज्वराने गाठले. मधल्या काळात त्याने स्वित्झर्लंडला सुल्झरच्या कारखान्यात काम केले आणि १८८० च्या जानेवारीत परीक्षा दिली ती उच्च श्रेणीत. लिंडे यांनी त्याला पॅरिसला आपल्या बर्फाच्या कारखान्यावर नेमले. म्हणजे आगीच्या इंजिनाचा हा निर्माता दहा वर्षे बर्फ विकत होता. बाटलीतच स्वच्छ बर्फ तयार करण्याचे पेटंट त्याने १८८१ साली मिळवले. १८८३ मध्ये मार्था फ्लाशेशी लग्न झाले, पुढे तीन मुले झाली. बर्फाच्या यंत्रात अमोनिया असतो, त्या अमोनियाची वाफ वापरून इंजिन करावे म्हणून कित्येक वर्षे त्याने स्वतःच्या कमाईतून खर्च केली. ते जमले नाही. पण त्या धडपडीत वायूला खूप दाबण्याची सवय हाताला लागली, आणि अमोनियाऐवजी साधी हवाच दाबावी ही कल्पना तिथून आली.

कल्पना सांगायला सोपी आहे. सायकलचा पंप जोराने मारला की त्याचे तोंड गरम होते, हे प्रत्येक पोराला माहीत असते. हवा तिच्या मूळ जागेच्या पंधराव्या-सोळाव्या हिश्शात कोंबली तर ती पाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापते. त्या क्षणी तेलाचा फवारा आत सोडला तर ठिणगी लागत नाही, तेल आपोआप पेटते. आपल्या ट्रकला स्पार्क प्लग का नसतो, याचे उत्तर एवढेच.

पण डिझेलची मूळ महत्त्वाकांक्षा याहून मोठी होती, आणि तिथेच त्याची चूक दडलेली होती. फेब्रुवारी १८९२ मध्ये त्याने बर्लिनमध्ये अर्ज केला आणि एक वर्षाने पेटंट मिळाले. त्यात म्हटले होते की इंधन अशा बेताने जाळायचे की जळताना तापमान वाढूच नये. हवा दाबताना जेवढी तापली तेवढीच राहावी, सगळी उष्णता सरळ कामात उतरावी. असे झाले तर इंजिनाला बाहेरून थंड करायची गरजच उरणार नाही. उष्णता वाया जात नाही, तर ती पाण्याने काढून का टाकायची? म्हणून त्याच्या पहिल्या इंजिनाला पाण्याचे आवरणच नव्हते. ज्याच्या नावाची इंजिने जगभर रेडिएटरच्या भरवशावर घाट चढतात, त्याच्या स्वप्नात रेडिएटर नव्हता, हे वाचले तेव्हा मला चाचांची आठवण झाली. त्यांना हे सांगितले तर ते हसून विचारतील की मग उरलेली उष्णता घालायची कुठे? आपल्या ट्रकच्या इंजिनात तेलातल्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश हिस्सा चाकांच्या कामी येतो, तेवढाच धुराबरोबर जातो आणि बाकीचा पाण्याला आणि बाहेरच्या हवेला द्यावा लागतो. तो देण्याची वाट बंद झाली की लोखंड स्वतः वाकून हिशेब पुरा करते.

आउग्सबुर्गच्या यंत्रकारखान्याचे प्रमुख हाइनरिश बुत्स यांनी आधी नकार देऊन मग होकार दिला. क्रुपसारखे बडे घराणेही भागीदार झाले. १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिली चाचणी झाली. कारखान्याच्या पट्ट्याने इंजिन फिरवले आणि आत इंधन सोडले. मोठा स्फोट झाला, दाब मोजणारे यंत्र फुटून त्याचे तुकडे उडाले. जवळ उभी असलेली माणसे थोडक्यात बचावली. इंजिन स्वतःच्या जोरावर चालले नाही. पण हवेच्या दाबाने इंधन पेटते, एवढे सिद्ध झाले होते आणि डिझेल त्यावरच खूश होता.

१७ फेब्रुवारी १८९४ ला, सुधारलेल्या इंजिनावर पुन्हा तोच पट्टा चढवून काम चालू होते. लिंडर नावाचा जोडारी वरच्या फळीवर उभा होता. त्याच्या लक्षात आले की पट्ट्याचा ताण उलटला आहे. पट्टा इंजिनाला ओढत नव्हता, इंजिन पट्ट्याला ओढत होते. लिंडरने काही न बोलता डोक्यावरची टोपी काढली. जेमतेम एक मिनिटभर ते चालले. डिझेलने हा प्रसंग पुढे आवर्जून नोंदवून ठेवला. अभ्यासकांनी त्याच्यावर किती टीका केली ते पुढे येईलच, पण टोपी काढणाऱ्या माणसाचे नाव त्याने विसरू दिले नाही, यावरून मी त्याला पुष्कळ माफ करतो.

पुढची तीन वर्षे खर्चाची होती. थंड न करण्याचा हट्ट सुटला, इंजिनाला पाण्याचे आवरण आले. तापमान न वाढवता जाळण्याचा हट्टही सुटला, कारण तसे केले तर इंजिनाचा जवळजवळ सगळा जोर स्वतःची हवा दाबण्यातच संपत होता. फेब्रुवारी १८९७ मध्ये म्युनिकचे प्राध्यापक मोरित्झ श्रोटर यांनी नव्या इंजिनाची रीतसर परीक्षा घेतली. सुमारे वीस अश्वशक्तीचे, माणसाहून कितीतरी उंच असे ते धूड होते. निकाल शेकडा २६.२. म्हणजे शंभरातले सव्वीस रुपये कामाला लागले. वाफेच्या इंजिनाच्या दुपटीहून अधिक. तेच इंजिन आज म्युनिकच्या डॉइचेस म्युझियमच्या संग्रहात आहे. जूनमध्ये कासेल येथे जर्मन इंजिनिअरांच्या सभेत त्याने हे सादर केले आणि एका दिवसात त्याचे नाव झाले.

इथून पुढचा भाग मी बँकेच्या नजरेने वाचतो, आणि तो वाचताना मला दर वेळी अस्वस्थ व्हायला होते. देशोदेशीचे परवाने विकले जाऊ लागले. अमेरिकेचे हक्क सेंट लुइसचा बिअर कारखानदार अडॉल्फस बुश याने दहा लाख मार्क देऊन घेतले. १८९८ साली सगळे हक्क एका कंपनीकडे देऊन डिझेल लखपती नव्हे, कोट्यधीशांत मोजला जाऊ लागला. पण या रकमेतला मोठा भाग रोख नव्हता, कंपनीच्या समभागांत होता. त्याच वर्षी केम्प्टेनच्या आगकाड्यांच्या कारखान्याला इंजिन दिले गेले, ते वारंवार बंद पडू लागले. आउग्सबुर्गहून सारखी माणसे पाठवावी लागत. त्याने स्वतः काढलेला इंजिनांचा कारखानाही चालला नाही. चाचणीच्या खोलीत श्रोटर यांच्यासमोर नीट चालणारे यंत्र गिऱ्हाइकाच्या आवारात चालत नाही, हा अनुभव कर्ज देणाऱ्यांना नवा नसतो. इंजिने सुधारली ती दुसऱ्या अभियंत्यांनी, सावकाश, वर्षानुवर्षे. कंपनीने मात्र समभागधारकांना एकदाही लाभांश दिला नाही आणि १९११ मध्ये ती गुंडाळली गेली.

त्यातच पेटंटवरून कज्जे. एमिल कापिटेन याने दावा लावला. इंग्लंडमध्ये हर्बर्ट ॲक्रॉइड स्टुअर्टचे पाठीराखे आधीच्या शोधाचे श्रेय मागत होते. विरोधकांच्या हाती खरा मुद्दा होता तो वेगळाच. पेटंटात लिहिलेले इंजिन आणि प्रत्यक्ष चालणारे इंजिन एक नव्हते. डिझेलला हे १८९३ मध्येच उमगले होते, त्याने त्याच साली दुसऱ्या पेटंटाचा अर्जही केला होता, पण आधीची कल्पना चुकली असे त्याने मोकळेपणाने कधी सांगितले नाही. तारणाच्या कागदात वर्णन एका जमिनीचे आणि पीक उभे दुसऱ्याच जमिनीत, असा हा मामला. पीक खोटे नव्हते. तरी कागदाचा दोष मालकाला झोपू देत नाही. १८९८ मध्ये त्याची प्रकृती ढासळली आणि आरोग्यधामात राहावे लागले. डोकेदुखी आणि निद्रानाश त्याला आयुष्यभर पुरले.

आणि मग घर. म्युनिकला त्याने एक वाडा बांधला, शहरात चर्चेचा विषय होईल असा. गॅलिशियातल्या तेलविहिरींत पैसे घातले, ते गेले. म्युनिकच्या जमिनींच्या सट्ट्यात घातले, तेही गेले आणि वर कज्जे उरले. इंजिनातल्या एका टक्क्यासाठी चार वर्षे झगडणारा हा माणूस स्वतःच्या पैशाचा हिशेब मात्र ठेवू शकला नाही. गरिबीत वाढलेल्या हुशार माणसांत हे मी पाहिले आहे. पैसा आला की त्यांना तो पुन्हा येईलच असे वाटते, कारण पहिल्यांदा तो बुद्धीने आला होता.

मध्येच १९०३ साली त्याने एक पुस्तक लिहिले, सॉलिडारिझ्मस. कामगारांनी रोज काही फेनिग एका लोकनिधीत टाकावेत, त्या निधीच्या हमीवर सहकारी कारखाने निघावेत, मालक आणि मजूर हा भेदच मिटावा. प्रवरानगरचा साखर कारखाना उभा राहायला अजून जवळजवळ अर्धे शतक होते. आपल्याकडच्या सहकाराशी या पुस्तकाचा काही संबंध नाही, पण वाचताना चमकायला होते. दहा हजार प्रती छापल्या, खपल्या काही शे. इंजिनापेक्षा हे काम मोठे आहे, असे त्याला वाटे. लोकांना तसे वाटले नाही.

इंजिन मात्र पुढे जात होते. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तिथे एका फ्रेंच कंपनीचे डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते, आणि ते इतके सुरळीत चालले की बहुतेकांना फरक कळला नाही. १९१२ च्या आरंभी कोपनहेगनला बांधलेले सेलांडिया हे डिझेलवरचे मोठे व्यापारी जहाज बँकॉकच्या प्रवासाला निघाले. त्याच वर्षी डिझेल अमेरिकेत व्याख्याने देऊन आला. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात, बर्लिनला जहाजबांधणी शास्त्रज्ञांच्या सभेत त्याने इंजिनाच्या जन्माची हकीकत सांगितली तेव्हा समोरच्या प्राध्यापकांनी त्याला फैलावर घेतले. पुढच्या वर्षी लुडर्स या प्राध्यापकाने डिझेल ही एक दंतकथा आहे अशा अर्थाचे नाव देऊन अख्खे पुस्तकच काढले.

लहान कारागिराचे इंजिन, ते लहान कधी झालेच नाही. तेल आत फवारायला वेगळी दाबलेली हवा लागे, त्यासाठी मोठा कॉम्प्रेसर लागे, त्यामुळे ते जहाजात नाहीतर वीजघरात शोभे. ट्रकमध्ये ते १९२० नंतर शिरले, आणि १९२७ मध्ये बॉशच्या कारखान्याचा फवारणीचा पंप आल्यावर घट्ट बसले. पुढे १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्करांनी तेलइंजिनांचा कारखाना काढला, १९५४ मध्ये जमशेदपूरला टाटांनी डाइमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बांधायला घेतले, आणि विहिरीवरच्या मोटेची जागा इंजिनाने घेतली. दोन एकरांचा शेतकरी आणि एका ट्रकचा मालक, ज्यांच्यासाठी हे इंजिन मुळात आखले होते, त्यांच्यापर्यंत ते पोचेतो आखणारा गेलेला होता.

२९ सप्टेंबर १९१३ ची संध्याकाळ. अँटवर्पहून हारविचला जाणाऱ्या ड्रेस्डेन नावाच्या बोटीवर डिझेल चढला. लंडनला कंपनीची सभा होती. सोबत बेल्जियमचा कारखानदार जॉर्ज कारेल्स आणि त्याचा अभियंता होता. तिघांनी जेवण घेतले, डेकवर फेऱ्या मारल्या. दहाच्या सुमारास डिझेल खोलीकडे गेला, सकाळी सव्वासहाला उठवायला सांगितले. सकाळी खोली रिकामी होती. अंथरुणाला पाठ लागलेली नव्हती, रात्रीचा सदरा घडी मोडून ठेवलेला, घड्याळ पलंगावरून दिसेल असे लावलेले. मागच्या डेकच्या कठड्याशी त्याची टोपी आणि व्यवस्थित घडी घातलेला ओव्हरकोट सापडला. त्याच्या रोजनिशीत त्या तारखेपुढे एक फुली होती.

जर्मन हेरांनी मारले, तेलसम्राटांनी मारले, अशा गोष्टी तेव्हापासून चालत आल्या आहेत. महायुद्धाला वर्ष उरले होते आणि पाणबुड्यांत डिझेलची इंजिने बसत होती, त्यामुळे त्या रुचकर आहेत. मी कादंबरीकार आहे, मलाही त्या आवडतात. पण निघण्यापूर्वी त्याने मार्थाजवळ एक बॅग दिली होती, आठवडाभर उघडू नको म्हणून सांगून. तिच्यात रोख रक्कम होती आणि खाती जवळजवळ रिकामी असल्याचे दाखवणारे कागद होते. कर्ज मालमत्तेच्या किती तरी वर गेले होते. नोकरीत मी अशा दोन बायकांसमोर बसलो आहे, ज्यांना नवऱ्याच्या मागे कपाटातून कागद सापडले होते. त्या बॅगेनंतर मला हेरांची गरज वाटत नाही.

दहाएक दिवसांनी एका डच बोटीच्या खलाशांना समुद्रात एक देह दिसला. त्याची अवस्था अशी होती की त्यांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि देह पुन्हा लाटांना दिला. औषधाच्या गोळ्यांची डबी, पैशाचे पाकीट, ओळखपत्र, चाकू, चष्म्याचे घर. १३ ऑक्टोबरला धाकट्या मुलाने त्या वस्तू वडिलांच्या म्हणून ओळखल्या.

आउग्सबुर्गच्या एका बागेत त्याच्या स्मरणार्थ जपानहून आणलेल्या शिळांचे एक उपवन आहे. यानमार कंपनीचे संस्थापक मागोकिची यामाओका यांनी ते १९५७ साली भेट दिले. लहान शेतकऱ्याला पेलेल असे छोटे डिझेल इंजिन त्यांनीच जपानात केले होते. मी आउग्सबुर्गला गेलेलो नाही.

अण्णांच्या ट्रकचे हेड नाशिकला फेसिंग करून आले. चाचांनी पाण्याच्या वाटा खरवडून साफ केल्या, गॅस्केट बसवले, हेडचे नट मधून सुरुवात करून कडेकडे क्रमाने आवळले आणि पहिल्या फेरीनंतर गाडी परत आणायला लावून पुन्हा एकदा आवळले. त्या पहिल्या फेरीला मी केबिनमध्ये बसलो होतो, मागे खताची पोती होती. कसारा घाटात अण्णा रस्ता सोडून सारखे तापमानाच्या काट्याकडे बघत होते, मला भीती वाटत होती ती त्याची. काटा मधल्या खुणेच्या जरा पुढे गेला आणि तिथेच थांबला. वर इगतपुरीला पोचल्यावर त्यांनी सवयीने पाण्याचा डबा काढला, बॉनेट उघडले, आणि डबा तसाच परत ठेवला. कर्ज १९९१ मध्ये फिटले. आर.सी. बुकावरचा बँकेचा बोजा उतरवण्याच्या पत्रावर सही मीच केली.